मोगऱ्याचं पाणी

१६ ऑक्टोबर १९९८, शुक्रवार

पहाटे विमानातून उतरलो, दुपारी महाडला घरी. ही डायरी कंपनीने दिलेली. हिच्यात आठवडा शनिवारी सुरू होतो आणि शुक्रवार लाल अक्षरांत आहे. आजवर कोरीच राहिली होती, कारण दोह्यात लिहिण्यासारखं घडतं काय? सकाळी टँकर भरायचा, रस्त्याकडेच्या झाडांना पाणी पाजायचं, संध्याकाळी टँकर धुवायचा. तिथे प्रत्येक झाडाला नंबर असतो. एकोणीस वर्षं मी हेच केलं, त्यामुळे झाडाला पाणी कसं द्यावं हे मला कुणी शिकवायला येऊ नये.

सहा महिन्यांची सुट्टी आहे. त्याच्या आत परत गेलो नाही तर व्हिसा मरतो, आणि माझ्या वयाला दुसरा कोणी देणार नाही. महरुन्निसाला आल्या आल्या सांगून टाकलं, की कायमचं राहायचं की परत जायचं ते यंदा वाडीवर ठरवणार. बाबा गेल्यापासून वाडीत कोणी पाय ठेवलेला नाही. मी ती साफ करीन, आणि बाबांची आंब्याची कलमं मोहरली तर राहीन. नाही मोहरली तर विमान आहेच.

ती म्हणाली, "बरं." आणि भात उतरवायला आत गेली. या बाईला मी एकोणीस वर्षं टेलिफोनवर ओळखतो, त्यामुळे 'बरं' म्हणताना तिचा चेहरा कसा असतो हे मला अजून शिकायचं आहे.

१८ ऑक्टोबर

वाडी पाहिली. पोलादपूरला एसटी बदलून उमरठच्या रस्त्याला उतरलो, ओढ्याच्या बाजूने चालत गेलो आणि फाटकच सापडेना. फाटकाच्या जागी घाणेरीची भिंत, तिच्यावर वेली, वेलींवर आणखी वेली. डोंगरावरच्या वस्तीतला केरू तिथे शेळ्या चारत होता. त्याने कोयता मारून मला आत जाण्यापुरतं भोक पाडून दिलं. आत गेलो आणि उभाच राहिलो. बाबांची वाडी मेली नव्हती. ती माणसांशिवाय मजेत राहत होती. फणसाला शेंड्यापर्यंत वेलाने गुंडाळलेलं, सुपारीच्या रांगेत भेरली माड उगवलेले, आणि हिरवे किती प्रकारचे, ते सांगायला मला शब्द नाहीत. मी आयुष्यभर एकच हिरवा पाहिला, धूळ बसलेला. फणसावरून एक शेकरू उतरलं, माझ्याकडे बघून चुकचुकलं, आणि मला वाटलं की हिशेब मागतंय, इतकी वर्षं कुठे होतास म्हणून.

केरूचा कुत्रा, डांबऱ्या, सगळा वेळ माझ्यावर भुंकत होता. केरू म्हणाला, "नव्या मानसाला तो तसाच करतो, हसनभाय." माझ्याच वाडीत मी नवा माणूस.

घरी येऊन महरुन्निसाला सगळं सांगितलं. म्हटलं, एकदा बघायला तरी चल. ती म्हणाली, मला तिथं काय काम? खरंच आहे. बाबा गेले तेव्हा मीच दोह्याहून बजावलं होतं, की एकटीने रानात जायचं नाही, साप-किरडू असतं, लोक बोलतात. बिचारीने शब्द पाळला.

२९ ऑक्टोबर

वाडीतल्या मांगरात, बाबांच्या त्या खोपटात, राहायला आलो. छप्पर शाकारलं. शुक्रवारी नमाजला महाडला जायचं, बाकी दिवस इथे. केरूची भातकापणी चालू आहे, तरी तो सकाळी येतो. घाणेरी तोडून तोडून हाताला तिचा वास बसला आहे. आज सातही कलमं मोकळी झाली. खोडावर हात ठेवला तर ओल लागली. मी असा वेड्यासारखा हात ठेवून किती वेळ उभा होतो कोण जाणे. केरू दोनदा बोलावून गेला.

४ नोव्हेंबर

पाणी आलं.

केरूने आणि मी ओढ्यात दगड रचले, मधे पेंढा आणि माती दाबली, बंधारा घातला. बाबांचा दगडी पाट मातीखाली बुजला होता, तो उपसून काढला. मग केरूने पाटाच्या तोंडाशी एक दगड बाजूला केला आणि आम्ही दोघं पाटाच्या बाजूने पाण्याबरोबर चालत आलो. पुढे सुकी पानं ढकलत, मुंग्यांना पळवत, वळणावर जरा थांबून, जणू वाट आठवून पाणी चाललं होतं. कोणी पंप लावला नव्हता, डिझेल नव्हतं, टँकर नव्हता. तोंडाने 'सुब्हानल्लाह' निघालं आणि मी पाटाच्या काठावर बसून रडलो. केरूला वाटलं, पायाला काही चावलं.

९ नोव्हेंबर

आज जे पाहिलं ते कोणाला सांगितलं तर हसतील, म्हणून इथे लिहितो.

वाडी वाढवायची म्हणून खालच्या कोपऱ्यातली, झऱ्याजवळची झाडी तोडायला घेतली. केरू म्हणाला, तिकडे कशाला, तिकडे काय नाय. मी ऐकलं नाही. हातभर जाड काटेरी झाडी, आणि ती फोडून आत गेलो तर समोर मोगरा. दोन-चार झुडपं नाहीत, अख्खा वाफा. प्रत्येक झुडपाला गोल आळं, आळ्यात सुक्या पानांचं आच्छादन, तण नावाला नाही. चारी बाजूंनी रान माजलेलं, झऱ्याच्या अंगाला शेळ्यांची एक पायवाट तेवढी, आणि मधे हे, कोणीतरी नुकतंच झाडून गेल्यासारखं. बाबांच्या वेळी इथे दोन झुडपं होती, मला पक्कं आठवतं. दोनाची इतकी झाली, आपली आपण, ओळीत!

केरूला हाक मारली. त्याने वाफ्याकडे पाहिलं, मग शेळ्यांकडे पाहिलं आणि म्हणाला, "जमीनच तशी हाय, हसनभाय."

मी बाबांच्या नावाने फातिहा पढलो. नेक माणसाच्या हाताला बरकत असते हे ऐकून होतो, पण डोळ्यांनी पहिल्यांदा पाहिलं.

१३ नोव्हेंबर, शुक्रवार

महरुन्निसाला मोगऱ्याची करामत सांगितली. ती मासे साफ करत होती. म्हणाली, "असतं काय काय." मी चिडलो. माझ्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं आणि हिला काहीच नाही.

मग मी पाटाचं सांगितलं, की कलमांना रोज भरपूर पाणी देतोय, आळी तुडुंब भरतात. त्यावर मात्र तिने सुरी खाली ठेवली. "आंब्याला नका पाजू आता. त्याला सुकू द्या."

सुकू द्या! झाडांना पाणी पाजण्यात ज्याचं आयुष्य गेलं त्याला हे सांगते. मला कळतं हिचं दुखणं. मी वाडीत रमतोय, परत जायचं नाव काढत नाही, म्हणून तिला धाकधूक आहे. इतक्या वर्षांत एकटीने घर चालवायची सवय झाली, आता रोज नवरा समोर म्हणजे अडचणच. उघड बोलत नाही एवढंच.

११ डिसेंबर

काय लिहू. आज सकाळी मांगरातून बाहेर आलो तर सातही कलमं तांब्याची झाली होती. शेंड्या-शेंड्याला नवी पालवी, लालसर, मऊ, लोंबणारी, अन् उन्हात तिच्यातून उजेड आरपार येतो. मी चुलीवर चहा ठेवलेला विसरलो, तो जळला. महिनाभराच्या पाण्याचं हे फळ. दोह्याच्या माणसाने कोकणच्या झाडाला काय करून दाखवलं ते या, बघा.

केरूला ओढत आणून दाखवलं. तो मान वर करून बराच वेळ बघत राहिला, "पालवी झकास आलीया" म्हणाला आणि निघून गेला. याला जळणं म्हणतात.

१७ जानेवारी १९९९

जुनी डायरी संपली. नवी कोण देणार? म्हणून तिच्याच पहिल्या पानांवर वार खोडून लिहितोय.

रमजान संपत आला. रोजा ठेवून आज पाचाडला महरुन्निसाच्या माहेरी गेलो होतो. एसटीच्या खिडकीतून बघतो तर रस्त्याच्या दोन्ही अंगांना आंबे मोहरलेले. दारातले, बांधावरचे, कोणी विचारत नाही असे रायवळसुद्धा. गाडीत मोहराचा वास भरला होता. माझ्या सात कलमांवर एक तुरा नाही, नुसती पानं. सासऱ्यांना विचारलं, असं का? त्यांनी पाण्याचं विचारलं. मी सांगितलं. म्हातारा हसला नाही, त्याचं मला जास्त लागलं. म्हणाले, पावसाळ्यानंतर आंबा सुकावा लागतो, त्याला ताण पडला की मग तो मोहरतो. रोज प्यायला मिळालं तर तो पानं काढत बसतो, फळाची त्याला गरजच वाटत नाही. यंदाचं गेलं.

म्हणजे मी माझ्या हातांनी, प्रेमाने, रोज तुडुंब भरून स्वतःचं तिकीट काढलं.

२२ जानेवारी, शुक्रवार

ईद झाली. १० एप्रिलच्या विमानाचं पक्कं करून आलो. महरुन्निसाला सांगितलं. ती म्हणाली, "बरं."

आमची लेक उझ्मा बिरवाडीहून मुलांना घेऊन ईदला आली होती. तिची तक्रार, की अम्मी कधी माझ्याकडे येत नाही. मी म्हटलं, काय बोलतेस, दर रविवारी रात्री मी फोन करायचो तेव्हा अम्मी सांगायची की दिवसभर उझ्माकडे होते. उझ्मा आईकडे बघायला लागली. महरुन्निसा म्हणाली, खीर गार होतेय. मुलींना आईने रोज यावं असं वाटतं, आठवड्यातून एकदा आलेलं त्या धरतच नाहीत. मी उझ्माला समजावलं.

२६ जानेवारी

महरुन्निसा वाडीत आली! न सांगता, एकटी, पहिल्या एसटीने. मी मोगऱ्याला पाणी लावत होतो. आंबा गेला, निदान या करामतीला तरी काही कमी पडू नये म्हणून तिला रोज पाजतो.

गंमत म्हणजे डांबऱ्या. मला इथे येऊन चौथा महिना चालू आहे तरी माझ्यावर भुंकतो. हिला पाहून शेपूट हलवत धावत आला आणि पायात लोळला. बायकांचा वास जनावरांना मऊ वाटत असावा. झऱ्यावरचा एक दगड डगडगतो, त्यावर मी रोज घसरतो; ही बोलता बोलता त्याच्यावरून पाय टाकून पलीकडे गेली.

मोगऱ्यापाशी येऊन तिने एकदा चिखलाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. ओढणी कमरेला खोचली, फावड्याने मातीचं ढेकूळ उचललं आणि वाफ्यावर येणारं पाणी बंद केलं. मग कैचीने फांद्या छाटल्या, पानं ओरबाडली. मी हात धरायला गेलो.

"मरतील गो ती."

"मरत नाय. पानी कधी सोडायचं ते मी सांगेन. तोवर हात लावायचा नाय."

तिच्या माहेरी परसात मोगरा आहे, तिथे असं काही करत असतील. पण मला वाटतं तो राग होता. जाणाऱ्या माणसावरचा की राहिलेल्या माणसावरचा, ते कळलं नाही.

९ फेब्रुवारी

मोगऱ्याची नुसती काटकं उरली आहेत. झऱ्याचं पाणी दहा पावलांवर वाहतंय आणि ती उन्हात उभी आहेत. मी सकाळी उठतो, जाऊन बघतो, परत येतो. फावडं दोनदा हातात घेतलं. दोन्ही वेळा ठेवून दिलं. इतक्या वर्षांत या बाईने माझ्याकडे काही मागितलेलं आठवत नाही. ही एकच गोष्ट मागितली, ती तरी पाळावी.

१५ फेब्रुवारी

ती आली. एका काटकीची साल नखाने खरवडून पाहिली. आत हिरवं होतं. आळी उकरली, केरूकडचं शेणखत घातलं आणि मला म्हणाली, आता सोडा पाणी. मी ढेकूळ बाजूला केलं. पाणी पडताच मातीने आवाज केला. खरंच केला, चुलीवरच्या तव्यावर शिंतोडा पडावा तसा. आम्ही दोघं वाकून ऐकत होतो.

२० मार्च

सकाळी उठलो तो वासाने. आधी वाटलं दोह्यातच आहे.

हे लिहायलाच हवं. तिथे आमच्या खोलीत सहाजण राहायचो. गावाकडून कोणी आलं की महरुन्निसा पार्सल पाठवायची. सुकट, आमसुलं, दोन शिवलेले सदरे. सदऱ्यांच्या घड्यांत मोगऱ्याची सुकलेली फुलं असायची. बाजारातून घेऊन घालत असेल. पार्सल फोडलं की सहाजण काम टाकून जमायचे. केरळचा एकजण तर सदरा तोंडावर धरून बसायचा. आज तोच वास मांगरात भरला होता.

खाली गेलो. पान दिसत नव्हतं. काटकी दिसत नव्हती. सगळा वाफा पांढरा, आणि अजून कळ्या सुटतच होत्या. मी चपला काढल्या. का काढल्या ते विचारू नका. केरू आला, त्यानेही काढल्या. आम्ही दोघं तिथेच उभे होतो आणि वरून मधमाश्यांचा एकसारखा आवाज येत होता. मी दुनियेत पुष्कळ पाहिलं, समुद्रात बांधलेले रस्ते पाहिले, पण अल्लाहच्या कारखान्यातला माल आज पाहिला.

केरू निघताना बोलून गेला, "औंदा भाभीनी उशिराच सोडलं पानी, तरी बगा." त्याच्या बोलण्याचा अर्थ मी विचारणार होतो, पण तोवर त्याच्या शेळ्या पाटात शिरल्या.

८ एप्रिल

परवाचं विमान. महरुन्निसाने बॅग भरायला घेतली. मी बाजेवर बसून बघत होतो. तिने सदरा अंथरला, ओढणीतली सुकलेली फुलं घडीत पसरली, दुमडला, वर दुसरा ठेवला. तिचे हात जरासुद्धा थांबत नव्हते. किती वेळा केलं असेल हे काम.

मी सहज म्हटलं, यंदा बाजारातली घ्यावी लागली नाहीत, वाडीतली मिळाली.

"बाजारातलं फूल दुपारपर्यंत काळं पडतं," ती म्हणाली. "घडीत टिकतं काय ते? मी कधीच बाजारातलं घातलं नाय."

 वाफा, आळी, केरूची मान फिरवणं, कुत्रा, डगडगणारा दगड, रविवारची उझ्मा. सगळं एकदम समोर आलं आणि मला आधी हसूच फुटलं. मी बाबांच्या नावाने फातिहा पढलो होतो. बाबांना चालेल.

"मी जाऊ नको म्हटलं होतं तुला."

"दोह्याहून म्हटलात. दोह्याहून वाडी दिसते काय?"

"मग आल्यावर तरी सांगायचं."

"तुमी वाडी बघायला आला होतात. म्हटलं, बघू दे काय काय दिसतं."

मग मी ते विचारलं, जे ऑक्टोबरमध्ये आंब्याला विचारत बसलो होतो. म्हटलं, महरून, जाऊ काय?

ती बराच वेळ सदऱ्याची घडी सरळ करत राहिली. ती आधीच सरळ होती. "एकोणीस वरसांत आज विचारलंत," ती म्हणाली. "नका जाऊ."

मी उठलो आणि बॅगेतून एकेक सदरा काढून खुंटीवर लावला. फुलं खाली गळत होती. ती गोळा करायला वाकली, मीही वाकलो, आणि आमची डोकी एकमेकांवर आपटली. ती रडत होती. मला आधी वाटलं, डोकं लागलं म्हणून.

१६ एप्रिल, शुक्रवार

व्हिसा आज मेला. वाटलं होतं काही तरी वाटेल. नमाजनंतर दोघं जेवलो आणि दुपारच्या एसटीने वाडीत आलो. आंब्याला या वर्षी आता एक थेंब नाही. पावसाळा सरला की तो सुकेल आणि मी तोंड शिवून बसेन. मोगऱ्याचा वाफा वरच्या बांधापर्यंत न्यायचा आहे. पावसात कलमं लावायची, म्हणून आत्तापासून खड्डे. कुठे आणि किती खोल ते ती काठीने दाखवते, मी खणतो. मधेच म्हणाली, घाम आलाय, पाणी प्या. मी म्हटलं, दे बाई, मला आता ताण नको, माझा झाला तेवढा पुरे. हसली. ती हसताना चेहरा कसा होतो ते मी पाहून ठेवलं.

उन्हं उतरली तेव्हा डांबऱ्या डोंगरावरून आला. आधी तिच्याकडे गेला. मग माझ्या खड्ड्यापाशी आला, माझे मातीने भरलेले पाय हुंगले, माझ्याकडे वर पाहिलं आणि तिथेच सावलीत आडवा झाला. भुंकला नाही.